जडेजाला सोडलं ते बरोबर केलं का? आणि तुमच्या दुकानातला जडेजा कोण?



रवींद्र जडेजा नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नई सुपर किंग्ज सोडून गेला, पण आपल्या बॅचमधलं भांडण काही मिटत नाही. रोजमेळ कसा लिहायचा हा विषय काढला तरी पंधरा मिनिटांत गाडी संजू सॅमसनवर येते. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकू. कारण या भांडणात जे मुद्दे निघतात ना, अगदी तेच मुद्दे मला जुनं दुकान नव्याने उभं करायला निघालेल्या घरांमध्ये ऐकायला मिळतात. माणसं वेगळी, शब्द वेगळे, हिशोब तोच.

ज्यांना क्रिकेटचं वेड नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. आयपीएल २०२५ मध्ये चेन्नईचा संघ सगळ्यात खाली राहिला. १४ सामने, ४ विजय, दहावा नंबर. पाच वेळा स्पर्धा जिंकलेला हा संघ तळाला जाण्याची ही पहिलीच वेळ. कर्णधार आपल्या पुण्याचा ऋतुराज गायकवाड, तोही कोपराच्या दुखापतीमुळे अर्ध्यात बाहेर. मग १५ नोव्हेंबर २०२५ हा दिवस आला. कोणते खेळाडू ठेवले आणि कोणते सोडले याची यादी देण्याची ती शेवटची तारीख. त्याच दिवशी जाहीर झालं की चेन्नईने जडेजा आणि सॅम करन असे दोघे राजस्थानला दिले आणि बदल्यात सॅमसन घेतला. सॅमसन १८ कोटींचा. जडेजाही १८ कोटींचा होता, तो राजस्थानकडे १४ कोटींवर गेला. करन २ कोटी ४० लाखांचा.

झालं, भांडण सुरू.

एक गट म्हणतो, ज्या माणसाने २०२३ च्या फायनलमध्ये शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा हव्या असताना षटकार आणि चौकार मारून कप हातात दिला, त्याला असं देऊन टाकता? २०१२ पासूनचा माणूस! दुसरा गट म्हणतो, भावना घरी ठेवा, जडेजा २०२५ मध्ये ३७ वर्षांचा झाला, सॅमसन ३१ चा, विषय संपला. तिसरा गट फक्त आकडे मोजतो: दोन दिले, एक घेतला, म्हणजे फसलो.

माझं मत सांगतो. तिघांचेही प्रश्न अर्धवट आहेत. जडेजा चांगला की सॅमसन चांगला, हा प्रश्नच आधी विचारायचा नसतो. आधी विचारायचं की चेन्नईला कप कोणत्या वर्षी उचलायचाय? फक्त २०२६ मध्येच उचलायचा असेल, तर जडेजा आणि करन सोडणं वेडेपणा आहे. तयार माणसं आहेत, संघ ओळखीचा आहे, खेळवा. पण २०२७, २०२८, २०२९ डोळ्यासमोर असेल, तर त्या वर्षांत जडेजा ३८, ३९, ४० चा असणार. धोनी तर २०२५ मध्येच ४४ चा झाला, म्हणजे विकेटकीपर आज ना उद्या लागणारच. मग सॅमसन घेणं बरोबर. वर्ष ठरवलं की उत्तर आपोआप बदलतं. वर्ष न ठरवता भांडत बसलात, तर पुढच्या नोव्हेंबरपर्यंत भांडत बसाल.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये हे फार उघडपणे चालतं. तिथे सीझन चालू असतानाच, जुलैच्या अखेरीच्या आसपास, खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख येते. त्या तारखेआधी प्रत्येक संघाला स्वतःशी कबूल करावं लागतं की आपण यंदा घेणारे आहोत की विकणारे. यंदा जिंकण्याची आशा असेल तर उद्याची पोरं देऊन आजचा मोठा खेळाडू घ्यायचा. नसेल तर उलटं. ह्यूस्टन अॅस्ट्रोज नावाच्या संघाने २०११ ते २०१३ या तीन वर्षांत १०६, १०७ आणि १११ सामने हरले, एका सीझनला १६२ सामने असतात. नावाजलेले खेळाडू विकले, पोरं जमवली आणि २०१७ ला विजेतेपद घेतलं. त्या वर्षी त्यांनी कॅमेरा लावून समोरच्या संघाच्या खुणा चोरल्या होत्या हे नंतर उघड झालं, तो डाग आहेच. तो धडा आपल्याला नकोय. मला फक्त एवढंच दाखवायचंय की तीन वर्षं खाली राहायचं हे त्यांनी ठरवून स्वीकारलं होतं.

आता चेन्नईचं घोडं नेमकं कुठे अडलं ते बघा. माझ्या मते चूक जडेजाच्या वेळी झाली नाही. ती त्याच्या एक वर्ष आधी, नोव्हेंबर २०२४ च्या मोठ्या लिलावात झाली. त्या लिलावात चेन्नईने १९ वर्षांच्या नूर अहमदला १० कोटी दिले आणि ३८ वर्षांच्या अश्विनला ९ कोटी ७५ लाख. एक खरेदी उद्यासाठी, एक कालसाठी, आणि किंमत जवळपास सारखी! नूरने सीझनमध्ये २४ बळी घेतले. अश्विनने ऑगस्ट २०२५ मध्ये आयपीएलमधून निवृत्तीच घेतली. अश्विन मोठाच खेळाडू, त्यात वाद नाही. पण संघ अर्धा आजसाठी आणि अर्धा उद्यासाठी बांधला की आज पण जिंकत नाही आणि उद्याची तयारी पण होत नाही. दहावा नंबर तिथून आला.

हा अर्धा-अर्धा रोग मला दुकानांत सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून यावर जरा थांबतो.

मागच्या वर्षी बॅचला गंगापूर तालुक्यातला एक मुलगा होता. वडिलांचं सूटिंग-शर्टिंगचं दुकान, चाळीस वर्षांचं. पूर्वी लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसायची. आता लोक रेडिमेड घेतात, शिवायला टाकायला कुणाला वेळ नाही. कपाटात तागे पडून. मुलगा म्हणाला, सर, दुकान रेडिमेडचं करायचं. वडील म्हणाले, याच कापडावर तुझी शाळा झाली, तुझ्या बहिणीचं लग्न झालं. मग घरात तोड निघाली, सगळ्या घरांत निघते तशी. अर्धं दुकान कापड, अर्धं दुकान रेडिमेड. दोघांचंही मन राखलं.

आता रेडिमेडवाल्यांना माहीत आहे पुढे काय होतं. साइज तुटते. एका डिझाइनचा शर्ट ठेवायचा म्हणजे एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल, सगळं ठेवावं लागतं. भांडवल अर्धंच असेल तर डिझाइन चार आणि प्रत्येकात साइज दोनच. गिऱ्हाईक येतं, शर्ट आवडतो, "यात एल नाही का?" नाही. गेलं. आणि ते नुसतं त्या दिवशी जात नाही, "त्यांच्याकडे साइज मिळत नाही" असं चार जणांना सांगून कायमचं जातं. इकडे कापडाची बाजू पण लुळी, कारण नवीन रंग आणायला पैसा नाही. म्हणजे दोन अर्धी दुकानं, दोन्ही आजारी. चेन्नईचा २०२५ चा संघ आठवतो की नाही?

त्या मुलाला मी सल्ला दिला नाही, फक्त एक प्रश्न विचारला: हे दुकान पूर्ण रेडिमेड म्हणून कोणत्या दिवाळीला उघडायचंय? त्याने वडिलांशी बोलून पुढची दिवाळी सांगितली. तारीख आल्यावर मग बाकीचं सोपं झालं. सोपं म्हणजे, त्रास झालाच, पण कुठे काय करायचं ते दिसायला लागलं. आहेराचं कापड अजून फिरत होतं, ते ठेवलं. शाळेच्या गणवेशाचं कापड ठेवलं. बाकी शर्टिंगचे तागे शहरातल्या एका टेलरला दिले. त्याने अर्धे पैसे रोख दिले आणि अर्ध्याच्या बदल्यात शिवलेले कुर्ते-पायजमे दिले. खरेदी किमतीच्या खाली गेला तो माल. वडिलांना झोप लागली नाही दोन दिवस. पण हीच ती अदलाबदल, आयपीएलमध्ये जिला ट्रेड म्हणतात.

"खरेदी किमतीच्या खाली कसा देऊ?" हा प्रश्न मला रोज येतो. माझं स्वतःचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, आणि आपल्या संभाजीनगरमध्ये इलेक्ट्रिकलवाल्याची ट्रेडची शेवटची तारीख पंचांगातच लिहिलेली असते. मृग. ७ जूनच्या आसपास मृग लागला, दोन सरी पडल्या, की कुलर मेला. मे महिन्यात ज्याच्यासाठी लोक भांडतात, तोच कुलर १५ जूनला दुकानातली सगळ्यात जास्त जागा खाणारी वस्तू असते.

समजा २० कुलर उरले. खरेदी ६,५०० ची, एप्रिलमध्ये ८,००० ला जात होते. जूनमध्ये एखादा हॉस्टेलवाला म्हणतो, सगळे उचलतो, ५,८०० देतो. तुम्ही कागदावर लिहिता: नगामागे ७०० तोटा, एकूण १४,०००. छातीत धस्स होतं. म्हणून तुम्ही ठेवता. "पुढच्या एप्रिलमध्ये ८,००० ला जाईलच की!" आता खरा हिशोब करा. ५,८०० ने १ लाख १६ हजार रोख हातात येतात. ते गणपतीच्या लायटिंगमध्ये घातले, मग दिवाळीच्या माळांमध्ये घातले, दोन फेऱ्या झाल्या. फेरीला १५ टक्के धरा, जास्त नको. दिवाळीनंतर ते १ लाख ५३ हजार होतात. आणि ठेवलेले कुलर? पुढच्या एप्रिलपर्यंत नवीन मॉडेल आलेलं असतं, खोक्याला उंदराने भोक पाडलेलं असतं, पॅड पिवळे पडलेले असतात. ८,००० कुठून येणार, ७,२०० मिळाले तरी नशीब. म्हणजे १ लाख ४४ हजार, तेही पाच-सहा महिने उशिरा, आणि मधल्या काळात गोडाऊनचं भाडं वेगळं. शिवाय सणाचा माल तुम्ही उधारीवर आणला असेल तर त्याचा भार वेगळा.

खरेदी किंमत ही झालेली गोष्ट आहे. ती गिऱ्हाइकाला माहीत नाही, बाजाराला माहीत नाही, फक्त तुमच्या छातीला माहीत आहे. जडेजाबद्दल "२०२३ ला त्याने कप दिला" म्हणणारे पण हेच करतायत. तो कप चेन्नईच्या कपाटात आहे, त्याला कुणी हात लावणार नाही. प्रश्न पुढचा आहे.

पण एक गोष्ट मला दुसऱ्या गटालाही सांगायची आहे, ते "भावना घरी ठेवा"वाले. जुनं आहे म्हणून विका, हा नियम नाही. जडेजाला चांगला मोबदला मिळाला तो जडेजा अजून चालतोय म्हणून. त्याच २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या कसोटी मालिकेत त्याने ५१६ धावा केल्या. चालतं नाणं होतं म्हणून समोरून सॅमसन आला. कुलर १० जूनला विकला तर ५,८०० येतात, ऑगस्टमध्ये विकायला काढला तर समोरचा हसतो. आपल्याकडे उलटं करतात. चालतो तोपर्यंत "चालतोय ना, मग कशाला विकायचं" आणि बंद पडला की "आता कोण घेणार". विकायचं ठरवलं असेल तर ते मागणी असतानाच.

आणि किंमत? इथे मी चेन्नईवर थोडा नाराज आहे. जडेजाच्या बदल्यात सॅमसन, ठीक. वर करन कशाला? मला वाटतं याला कारण एकच, सगळ्या जगाला माहीत होतं की चेन्नईला विकेटकीपर आणि वरच्या फळीतला बॅट्समन हवाय. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, मी म्हणेन अक्कल असते पण भाव करायला जागा नसते. तुमचा व्यापारी तुमच्या दुकानात येऊन रिकामं कपाट बघून जातो ना, तेव्हा तो हेच बघत असतो.

त्यानंतर १६ डिसेंबरला अबू धाबीला छोटा लिलाव झाला. चेन्नईने मथीशा पथिराना, रचिन रवींद्र, कॉनवे असे बरेच जण सोडून ४३ कोटींच्या वर रक्कम हातात ठेवली होती. त्यातून त्यांनी २० वर्षांचा प्रशांत वीर आणि १९ वर्षांचा कार्तिक शर्मा घेतला. दोघांचीही मूळ किंमत ३० लाख, दोघेही १४ कोटी २० लाखांना. भारताकडून एकही सामना न खेळलेल्या खेळाडूला लिलावात एवढी रक्कम याआधी कधी मिळाली नव्हती. दिशा मला पटते. आता निदान कळतंय तरी की हा संघ उद्यासाठी बांधला जातोय. पण रक्कम बघून मी दचकलो. जुना माल काढून आलेला पैसा खिशात असला की माणसाचा हात सैल होतो. दुकानाचं फर्निचर नवीन करताना हे फार होतं. भंगारातून आणि सेलमधून दोन लाख आले की पाच लाखांचं ग्लास काउंटर बसतं. नवीन पोरगा घ्या, नवीन लाइन घ्या, पण थोडी थोडी घ्या.

आणि हे चेन्नईलाच जमलेलं आहे, म्हणून जास्त बोलतोय. २०२० ला हा संघ सातव्या नंबरवर होता, स्पर्धेतून जवळपास बाहेर. शेवटचे सामने उरले होते, त्यांचा फारसा उपयोग नव्हता. तेव्हा ऋतुराजला ओपनिंगला खेळवलं. त्याने सलग तीन सामन्यांत ६५, ७२, ६२ केले आणि तिन्ही सामने जिंकले. २० लाख मूळ किमतीला घेतलेला मुलगा! पुढच्या वर्षी त्यानेच ६३५ धावा केल्या, स्पर्धेत सगळ्यात जास्त, आणि चेन्नईने कप उचलला. २०२५ लाही तेच. विरारचा १७ वर्षांचा आयुष म्हात्रे ऋतुराजच्या जागी ३० लाखांत आला आणि बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ मारून गेला. म्हणजे नवीन माल आधी हरलेल्या सामन्यात तपासायचा. आपल्या भाषेत, मंदीच्या महिन्यात. श्रावण संपता संपता नवीन लाइनचे दहा नग आणून कोपऱ्यात ठेवा, काय होतं बघा. ऐन दिवाळीत प्रयोग करू नका.

जे क्रिकेट बघत नाहीत आणि कबड्डी बघतात, त्यांच्यासाठी पुणेरी पलटण. डिसेंबर २०२२ ला फायनलला गेले, जयपूरकडून ३३-२९ ने हरले. फझल अत्राचली, १ कोटी ३८ लाखांचा, मोठं नाव. त्याला सोडलं आणि त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान असलेल्या शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. पण बाकीचा सांगाडा हलवला नाही. अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार, मोहित गोयत, ही पोरं तशीच ठेवली आणि अस्लमला कर्णधार केलं. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ ने हरवून पहिलं विजेतेपद. लोक म्हणतात शादलुईने जिंकून दिलं. मी म्हणतो, एकच मोठी अदलाबदल पुरली, कारण बाकी घर आधीच लावून ठेवलं होतं.

राहिला धोनी. बॅचमध्ये यावर तर हातघाई व्हायची बाकी आहे. सॅमसन घेतला, तोही विकेटकीपर, आणि धोनीला ४ कोटींत ठेवलंय. मग ग्लोव्ह्ज कुणाचे?

गंगापूरच्या त्या दुकानात पण एक काका आहेत. वडिलांच्या काळापासूनचे, वीस-पंचवीस गावांतल्या लोकांना नावाने ओळखणारे. रेडिमेड त्यांना जमत नाही, बारकोड लावताना हात थरथरतो. मुलगा म्हणाला, सर, काकांचं काय करू? मित्रांनो, इथे मी खेळाडूंचं उदाहरण बाजूला ठेवतो. तागे टेलरला देता येतात, माणूस नाही. पण त्यांना तसंच काउंटरवर उभं ठेवणं पण बरोबर नाही, कारण नवीन मुलगी बिल करत असताना गिऱ्हाईक काकांकडे बघतं, काका मुलाकडे बघतात, आणि कुणालाच कळत नाही दुकान कोण चालवतंय. मी त्याला तीन गोष्टी कागदावर लिहायला सांगितल्या: काकांचं काम काय, पगार किती, आणि कोणत्या महिन्यापर्यंत. त्याने आहेराचं खातं पूर्ण काकांकडे दिलं. गावोगावच्या लग्नांची यादी, फोन, उधारीची वसुली, सगळं त्यांच्याकडे. काउंटर नव्या मुलीकडे. पगार तोच ठेवला. तिसऱ्या ओळीपुढची जागा मात्र अजून कोरी आहे. महिना लिहायला त्याचा हात उचलत नाही, आणि चेन्नईच्या मालकांचाही उचलत नसावा असं मला वाटतं.

पुढच्या व्हिडिओत कुलरच्या हिशोबाचा तक्ता दाखवणार आहे, तुमचा माल घालून बघता येईल असा. तोपर्यंत एक काम करा. दुकानातल्या सगळ्यात जुन्या दहा वस्तू काढा, प्रत्येकीवर खरेदीची तारीख लिहा, किंमत लिहू नका. आणि शेजारी लिहा, आज कुणी घ्यायला आला तर काय देईल. फोन करून विचारा, अंदाजाने लिहू नका.